प्रायव्हेट रजिस्ट्री प्रोजेक्टपुरतीच ठेवा!

दोन-तीन जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवताय? मग स्वतःची पॅकेजेस प्रायव्हेट रजिस्ट्रीत ठेवायची वेळ येतेच. खर्चाला घाबरू नका. व्हर्डाचिओ फुकट आहे, सर्व्हरचं भाडं तेवढं द्यायचं.

पण माझं स्पष्ट मत आहे, ही सेटिंग अख्ख्या लॅपटॉपला लावू नका. बरेच डेव्हलपर होम फोल्डरमधल्या 'डॉट एनपीएमआरसी' फाइलमध्ये पत्ता टाकून मोकळे होतात. मग एका क्लायंटची सेटिंग दुसऱ्याच्या कामात घुसते, आणि नवीन मुलगा जॉइन झाला की त्याच्या मशीनवर काहीच चालत नाही! तीच फाइल प्रोजेक्टमध्ये, 'पॅकेज डॉट जेसन'च्या शेजारी ठेवा. तिथे तिचंच चालतं.

पत्ताही फक्त तुमच्या स्कोपला जोडा, म्हणजे पॅकेजच्या पुढे ॲट चिन्हासकट लागणाऱ्या कंपनीच्या नावाला. बाकीचं पब्लिक रजिस्ट्रीतून येऊ दे. इथे आळस नको. मोठ्या कंपन्यांच्या आतल्या पॅकेजेसच्या नावाची पॅकेजेस ॲलेक्स बिरसान या संशोधकाने पब्लिक रजिस्ट्रीवर टाकली, आणि ॲपल, मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिमनेही ती गुपचूप उचलली. 2021 मध्ये त्याने हे उघड केलं. त्यांच्याकडे सिक्युरिटी टीम तरी असते, आपल्याकडे कोण? म्हणून स्कोपचं नाव पब्लिक एनपीएमवरही आपल्या नावे घेऊन ठेवा.

फाइल गिटमध्ये जाऊ दे, टोकन मात्र नाही. ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या, प्रत्येकाला वेगळं. फ्रीलान्सरचं शेवटचं बिल चुकतं कराल, त्याच दिवशी त्याचं टोकन रद्द करा.