हशा कोणाच्या जिवावर?

विनोद निरुपद्रवी असतो, हा एक सोयीचा सिद्धान्त आहे. ज्याच्यावर हसले जाते त्याला न विचारताच तो मांडता येतो, हीच त्याची सोय. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांनी समलिंगी माणसाची वर्षानुवर्षे जी विटंबना केली, ती याच सिद्धान्ताच्या आडोशाने.

ब्रिटनमध्ये १९७२ ते १९८५ या काळात गाजलेल्या ‘आर यू बीइंग सर्व्ह्ड?’ या मालिकेत कपड्यांच्या विभागातील विक्रेता हम्फ्रीज याचे मुरडणे हाच विनोद होता. तो समलिंगी आहे असे मालिकेने स्पष्ट सांगितले नाही. हसण्यापुरते मात्र ते सर्वांना कळत होते. अमेरिकेतील ‘सोप’ने १९७७ साली जोडी डॅलस हे उघड समलिंगी पात्र आणले आणि पुढे स्त्रियांशी त्याचे संबंध जुळवून दिले. आपल्याकडे दूरदर्शनवर १९९४ साली ‘श्रीमान श्रीमती’ सुरू झाली. तीत कुलकर्णींच्या शेजारचा दिलरुबा समलिंगी नव्हता, विवाहित होता. पण पत्नी चित्रपटात काम करते, तो घर सांभाळतो आणि नाजूक बोलतो, एवढेच हशाला पुरेसे ठरले. येथे खरे गुपित फुटते. पुरुषाने बाईसारखे वागणे हास्यास्पद, कारण बाई असणेच कमीपणाचे! समलिंगी पुरुषाची टवाळी आणि स्त्रीचा अवमान ही एकाच मुळावरची फळे आहेत.

याचा अर्थ विनोदच त्याज्य असा नव्हे. १९७१ साली ‘ऑल इन द फॅमिली’च्या एका भागात आर्ची बंकरचा धट्टाकट्टा, माजी खेळाडू मित्र समलिंगी निघतो. तेथे हशा होतो तो आर्चीच्या पूर्वग्रहावर. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या भागावर व्हाइट हाउसमध्ये बसून संताप व्यक्त केला. सत्तेला कोणता विनोद खुपतो, हे यावरून उमगावे.

काही कार्यकर्ते म्हणतील, हे महानगरातील सुखवस्तूंचे खूळ. करमाडला प्रश्न आहेत ते पाण्याचे, कापसाच्या भावाचे, शेंद्र्याच्या वसाहतीतील कंत्राटी कामगारांचे. हा युक्तिवाद मराठवाड्याला नवा नाही. नामांतराच्या लढ्यातही ‘आधी पोटाचे पाहा’ असे सुनावले गेले होते. वस्तुस्थिती उलट आहे. महानगरातील सुखवस्तू तरुणाला आपल्यासारखे सोबती शोधता येतात, खोली बदलता येते. करमाडच्या तरुणाला घर एकच, पाळीतले सोबतीही तेच. संध्याकाळी पडद्यावरच्या मुरडण्याला घरचे खदखदून हसतात, तेव्हा आपले खरे रूप कळले तर काय होईल, याचे उत्तर त्याला मिळालेले असते. सकाळी तीच नक्कल कारखान्याच्या फाटकाशी होते. ज्याला कंत्राटदार उद्या ‘येऊ नको’ म्हणू शकतो, तो तक्रार कोणाकडे करणार? त्याच्यापुरता हाच पोटाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राची परंपरा याहून थोर आहे. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटला भरला गेला, तेव्हा १९३४ साली त्यांची बाजू मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा १९८१ साली रंगभूमीवर आणली, ती टवाळीसाठी नव्हे, माणूस म्हणून. छोट्या पडद्याने हा वारसा टाकून मुरडणे तेवढे उचलले.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ मधून मुक्त केले; १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला. न्यायालय गुन्हा पुसू शकते, हशा पुसू शकत नाही. ते काम चळवळीचे आहे, आणि त्याचा आरंभ घरापासून व्हावा. आपल्या पथनाट्यांत, शिबिरांतील रात्रीच्या करमणुकीत विरोधकाला ‘बायल्या’ ठरवून टाळ्या घेतल्या जात असतील, तर समतेच्या घोषणा पोकळ आहेत. कामगार संघटनेने अशा छळाची तक्रार मजुरीच्या तक्रारीइतक्याच गांभीर्याने नोंदवावी. ज्या संघटनेत करमाडचा तो तरुण मान वर करून बसू शकत नाही, तिने स्वतःला शोषितांची म्हणवून घेऊ नये.