व्हीलचेअर मैदानावर आणा!

गोरेगाव आणि पंचक्रोशीतल्या सर्व गावकऱ्यांनो,

28 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात सुमित अंतिल यांच्याबरोबर भारताचा तिरंगा घेऊन निघालेल्या भाग्यश्री जाधव आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या. त्या व्हीलचेअर वापरतात आणि बसून गोळा फेकतात. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, पॅरिसला पाचव्या. ‘हे मुंबई-पुण्याकडचं काम’ असं म्हणायला आपल्याला आता तोंड नाही.

आपल्या गावातही व्हीलचेअरच्या खेळाचं मंडळ उभं करायचं आहे. लहानपणी पोलिओ झालेले, झाडावरून किंवा विहिरीत पडून पाठीच्या कण्याला मार लागलेले, ट्रॅक्टर उलटून कमरेखाली निकामी झालेले लोक आपल्याच भागात आहेत. शिबिरात मिळालेली व्हीलचेअर घरात असते आणि तिच्यावर कपड्यांचा ढीग! ‘कशाला बाहेर नेता, पडेल-बिडेल’ असं म्हणणारेही आपणच.

तिरक्या चाकांची खेळाची खुर्ची महाग असते. ती आज मागायचीच नाही. सुरुवात गोळाफेक, थाळीफेकीने करू. त्यासाठी लागतं एक भक्कम लोखंडी आसन: गादीसकट उंची 75 सेंटिमीटरच्या आत, पाठीला टेकू, हाताने धरायला उभी दांडी आणि मांड्या आवळायला पट्टे. फेकताना ते हलू नये म्हणून चारी बाजूंनी जमिनीला जखडायचं. गावातल्या वेल्डरबंधूंनो, हे काम तुमचं. जुना अँगल चालेल, पण कोपरे घासून द्या. ज्यांना मांडीची जाणीव नाही त्यांना खरचटलेलंही कळत नाही आणि पुढे ती जखम महिनोन् महिने भरत नाही.

आपल्या काळ्या मातीत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात. म्हणून ज्यांच्याकडे सिमेंटचं खळं आहे त्यांनी सुगी आटोपल्यावर सकाळचे दोन तास ते द्यावं. तिथे चाक मारायला हात बसला की बास्केटबॉल. जाळी उभ्या खेळाडूंइतकीच, 10 फुटांवर; चेंडू मांडीवर ठेवून चाकं दोनदाच ढकलायची, मग तो आपटावा, दुसऱ्याला द्यावा किंवा जाळीकडे फेकावाच लागतो. या खेळाची देशातली संघटना पोलिओ झालेल्या माधवी लता यांच्या पुढाकाराने 2014 मध्ये चेन्नईत उभी राहिली; आज राज्याराज्यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. त्याआधी 1948 साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाच्या अंगणात डॉ. गुटमान यांनी व्हीलचेअरवरच्या लोकांची तिरंदाजी भरवली, तेव्हा जमले होते फक्त 16 जण. आपल्याकडे पहिल्या दिवशी चार आले तरी चालेल.

पैशाचं म्हणाल तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो. त्यातून आसनं, गोळे आणि शाळेच्या फाटकाशी उतार व्हावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडणार आहोत. उतार एक फूट चढाला बारा फूट लांब हवा. नुसती फरशी तिरकी टाकली तर माणूस मागे उलटतो. ठरावाला हात वर करायला या. आणि येताना घरातल्या दिव्यांग माणसालाही आणा, विशेषतः मुलींना. त्यांना घराबाहेर काढायलाच सगळ्यात उशीर होतो. ऑटोवाल्यांनी वाटेतल्या एकाला तरी सोबत घ्यावं.

आपले नम्र,
व्हीलचेअर खेळासाठी एकत्र येणारे गावकरी, गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली