शून्य शुल्काचा हिशेब

नोएडात आमच्याच इमारतीत राहणाऱ्या एक बाई घरी केलेली लोणची स्वतःच्या संकेतस्थळावरून विकतात. मध्यंतरी त्या बँकेत जमा झालेल्या रकमांचा छापील तपशील घेऊन माझ्याकडे आल्या. निवृत्त सनदी अधिकाऱ्याला कोणताही कागद उलगडतो, असा शेजाऱ्यांचा एक समज असतो. त्यांचा प्रश्न सरळ होता : ‘‘सर, यूपीआयवर शुल्क नाही असं सरकार सांगतं. गिऱ्हाइकानं ८५० रुपये भरले, मग माझ्या खात्यात ८२९ रुपये ९४ पैसेच का आले?’’

तपशिलात ‘प्लॅटफॉर्म फी’ या नावाने २ टक्के, म्हणजे १७ रुपये, वजा झाले होते. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३ रुपये ६ पैसे. एकूण कपात २० रुपये ६ पैसे, म्हणजे २.३६ टक्के.

सरकार सांगते ते खोटे नाही. २०१९ मध्ये ‘पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स’ कायद्यात कलम १०-अ घालण्यात आले आणि १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डावर बँकेने वा यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेण्यास मनाई झाली. काही बँका तरीही शुल्क घेत राहिल्या, तेव्हा ३० ऑगस्ट २०२० रोजी प्रत्यक्ष कर मंडळाला परिपत्रक काढून ते परत करण्यास सांगावे लागले. मात्र बँक आणि विक्रेता यांच्यामध्ये आज ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ नावाचा तिसरा उभा आहे. तो जे घेतो ते तंत्रज्ञान-सेवेचे मोल मानले जाते, व्यवहारावरचे शुल्क नव्हे. शून्याची हद्द बँकेच्या दारापाशी संपते.

दोन-सव्वादोन टक्क्यांचे काय एवढे, असे धोरणकर्त्यांच्या बैठकीत सहज म्हटले जाते. मीही कधी काळी म्हटले असेन. पण शुल्क आकारले जाते ते उलाढालीवर आणि घर चालते ते नफ्यावर. या बाईंची महिन्याची विक्री ६० हजारांची. कच्चा माल, बरण्या, कुरिअर वजा जाता बाराएक टक्के उरतात, म्हणजे ७,२०० रुपये. कपात १,४१६ रुपयांची. मिळकतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. शिवाय ८५० रुपयांत कुरिअरचे पैसेही आहेत, जे त्यांचे नाहीतच. शुल्क त्यांवरही लागते. माल परत आला तर गिऱ्हाइकाला पुरते ८५० द्यायचे, आणि त्यांच्या करारानुसार २० रुपये ६ पैसे मात्र परत मिळत नाहीत.

करातली गोम आणखी वेगळी. नोंदणीकृत व्यापारी शुल्कावरचा जीएसटी वजावटीत मिळवतो. बाईंची उलाढाल ४० लाखांच्या मर्यादेहून फार खाली असल्याने त्यांची नोंदणी नाही, म्हणून तो कर त्यांच्याच अंगावर. स्वेच्छेने नोंदणी करता येते, पण मग दरमहा वा तिमाहीची विवरणपत्रे आली. यमुना ओलांडून दिल्लीला एक बरणी पाठवली तरी नोंदणी सक्तीची होते. म्हणून त्या नोएडा-गाझियाबादपुरत्याच विकतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र हे नाव किती मोठे! डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारांवर अ‍ॅग्रिगेटरांना करसूट असल्याचे स्पष्ट केले. पण मूळ तरतूद कार्डाच्या व्यवहारांपुरती आहे. यूपीआयवर शुल्कच नाही असे गृहीत धरल्यावर त्यावरच्या करातून सूट देण्याचे कोणाच्या मनात येणार?

परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या मुक्त व्यावसायिकांची गत याहून बिकट. गुरुग्राममधील आमच्या एका नातलगाचे उदाहरण घेऊ. शंभर डॉलरच्या देयकावर ४ डॉलर शुल्क दिसते. पण बाजारात डॉलर ८५ रुपयांना असताना त्याला ८३ चा भाव दिला, तर हाती ८,५०० ऐवजी ७,९६८ पडतात. कपात सव्वासहा टक्क्यांची झाली. त्यातले सव्वादोन टक्के शुल्क म्हणून कोठेच लिहिलेले नसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीमापार अ‍ॅग्रिगेटरांना थेट आपल्या देखरेखीखाली आणले, हे स्वागतार्हच.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे हुंडणावळ आठवते. दिल्लीतील हिंगण्यांसारख्या वकिलांच्या काळात दूरच्या शहरी पैसा पाठवायचा तर हुंडी करावी लागे आणि सराफ आपली हुंडणावळ घेई. ती कमी-जास्त होई, पण हुंडी लिहितानाच ठरे. टपाल खात्याची मनिऑर्डर तर चांगलीच महाग होती : वीस रुपयांमागे एक रुपया. मुंबईच्या गिरणगावातून कोकणात पैसे धाडणारा कामगार ते निमूट भरी. पण किती भरतो हे त्याला पावलीपर्यंत ठाऊक असे.

म्हणून सर्व काही फुकट असावे, असा माझा आग्रह नाही. यंत्रणा चालवण्याचा खर्च कोणीतरी सोसतोच. २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या यूपीआय व्यवहारांच्या प्रोत्साहनासाठी १,५०० कोटी रुपये मंजूर केले, ते करदात्याचेच. आक्षेप लपवाछपवीला आहे. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या कर्जांसाठी सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर सांगणारे ‘मुख्य तथ्य विवरण’ सक्तीचे झाले. तेच विक्रेत्याला का नको? कर धरून शंभर रुपयांमागे नेमके किती जाणार, परताव्यात किती बुडणार, डॉलरचा भाव बाजाराहून किती खाली, हे करारापूर्वी एका पानावर, त्याच्या भाषेत मिळावे. आणि यूपीआयवरची टक्केवारीतली ‘प्लॅटफॉर्म फी’ हे कलम १०-अ मधले अप्रत्यक्ष शुल्क आहे की नाही, याचा सरकारने एकदाचा निर्वाळा द्यावा. ८५ रुपयांची मागणी असो वा ८,५०० ची, यूपीआयवर ती नोंदवण्याचा खर्च फारसा बदलत नाही. अर्थात, विक्री तुटपुंजी आणि अनियमित असेल त्याला ठरावीक मासिक भाड्यापेक्षा टक्केवारीच परवडते, हेही मान्य करायला हवे.

बाईंनी आता बरणीच्या खोक्यात स्वतःच्या बँकेचा क्यूआर कोड घालायला सुरुवात केली आहे. नेहमीची गिऱ्हाइके त्यावर थेट पैसे भरतात, कपात नाही. मात्र कोणाचे पैसे कोणत्या मागणीचे, हे रोज रात्री वहीत बसून जुळवावे लागते. त्या तासाभराचा हिशेब कसा धरायचा, असे त्यांनी परवा विचारले. मी त्यांच्याकडे वही मागितली आहे.