नाटुकल्यातला शेठ

इथे लंडनच्या हॅरोत झालेल्या यंदाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाबद्दल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. संयुक्त महाराष्ट्रावरचं मुलांचं नाटुकलं छान बसलं होतं, पोवाड्याच्या वेळी तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यात तो शेठ होता. पोटाला उशी बांधलेला, "केम छो, केम छो" करत मुंबई पिशवीत भरून पळणारा, आणि शेवटी सगळ्यांनी ढकलत विंगेत हाकललेला. हॉल हसला. मीही हसले, टाळ्या वाजवल्या. परतताना लेकीच्या गुजराती मैत्रिणीला तिच्या घरी सोडलं आणि गाडी वळवतेय तोच लेक म्हणाली, "आई, म्हणजे हे आपलं ब्रेक्झिटच ना? मग तिला कशाला नेलं आपण?"

ब्रेक्झिट या शब्दाचा आधी रागच आला. कुठे आपले १०५ हुतात्मे आणि कुठे ती मतपेटी! पण रात्री झोप लागेना. २०१६ साली आमच्याच घरात काय झालं होतं? ह्यांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं. युरोपातल्यांना दार सताड उघडं आणि माझ्या भाच्याला व्हिसा नाही, हे त्यांचं म्हणणं. मी राहण्याच्या बाजूची. २३ जूननंतर आठवडाभर आमच्या टेबलावर "पोळी वाढू का" आणि "मीठ दे" याच्यापलीकडे शब्द नव्हता. शेजारची पोलिश बाई, जिने माझ्या लेकीला कितीदा शाळेतून आणलं, तिने कुंपणापाशी हळूच विचारलं, "तुम्ही कुणीकडचे?" माझं मत मी सांगितलं. ह्यांचं सांगायला जीभ उचलेना.

हाच प्रश्न संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आमच्या गिरगावच्या चाळीतही विचारला गेला होता. आजोबा खादीवाले, काँग्रेसचे. त्यांचा धाकटा भाऊ संयुक्त महाराष्ट्र समितीचा, सत्याग्रहात आत जाऊन आलेला. अत्र्यांचा 'मराठा' निघाल्यावर तो मोठ्या भावाला ऐकू जावा म्हणून गॅलरीत बसून मोठ्याने वाचायचा. यशवंतराव चव्हाणांनी महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना मोठं म्हटल्यापासून आजोबांना चाळीत महाराष्ट्रद्रोही म्हणत. दोघा भावांची पानं दोन वर्षं एका पंगतीला पडली नाहीत. आजी दोनदा वाढायची.

समोरच्या खोलीत मोटीबेन राहायच्या. यजमान मूळजी जेठा मार्केटात गुमास्ते. मोटीबेनकडून ढोकळ्याची वाटी यायची, आजी ती कधी रिकामी परत करायची नाही. १६ जानेवारी १९५६ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करणार म्हणून जाहीर केलं आणि शहर पेटलं. गिरगावात, लालबागला, परळला गोळ्या चालल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गुजराती वाण्याचं दुकान फोडलं. त्या रात्री मोटीबेननी आजीचं दार वाजवलं. भांड्यांची पेटी ठेवून घ्या, एवढंच मागणं होतं. आजोबांना आधीच द्रोही म्हणत होते, घरात लहान मुलं होती. आजीने दिवा मालवला आणि दार उघडलं नाही. मोटीबेन पोरांना घेऊन भुलेश्वरला नातेवाइकांकडे गेल्या. महिन्याने परतल्या. पुढे कितीतरी वर्षं दोघी एकाच नळावर पाणी भरत होत्या, पण वाटी पुन्हा आली नाही. आजीने हे मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, मान खाली घालून.

मुंबई वेगळी ठेवा म्हणणाऱ्यांत बडे गुजराती भांडवलदार होते, पुरुषोत्तमदास ठाकुरदासांचं नाव मी विसरलेले नाही. पण गुमास्त्याच्या पिशवीत कुठली मुंबई मावणार होती? आणि २० नोव्हेंबर १९५५ला गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाईंच्या बरोबरीने मुंबई महाराष्ट्राला देण्याविरुद्ध बोलले ते स. का. पाटील आपल्याच कोकणातले. नाटुकल्यात ते कुठे होते? १ नोव्हेंबर १९५६ला आलेलं मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य आपल्याला नको होतं, तसंच ते गुजरात्यांनाही नको होतं. त्याच वर्षी ८ ऑगस्टला अहमदाबादेत काँग्रेस हाऊसपाशी गोळीबारात त्यांचेही विद्यार्थी पडले. इंदुलाल याज्ञिकांच्या मागे तिथे माणसं लोटली, ती वेगळा गुजरात मागायला. दोघांनाही एकाच दाव्याला दिल्लीने बांधलं होतं. हुतात्म्यांच्या यादीतली नावं एकदा सावकाश वाचा, सगळी मराठी नाहीत.

द्विभाषिक मोडलं ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला मतं देऊन आपला कौल दिला होता. बेळगाव, निपाणी, कारवार राहिलं याचं दुःख आहेच. आणि विदर्भातल्या ज्यांना आपलं वेगळं राज्य हवं होतं, त्यांनी १ मे कसा साजरा करायचा, यावर आपल्या अंकात एकदा कुणीतरी नागपूरकराने लिहायला हवं. माझा तो अभ्यास नाही. मी एवढंच म्हणते की लढा न्याय्य होता म्हणून लढताना झालेलं सगळंच न्याय्य होत नाही, आणि मुलांना अर्धं सांगणं म्हणजे खोटं सांगणंच. गुजरातीची टिंगल करणारी यमकं तेव्हा रस्त्यावर म्हटली गेली, आणि दुकानंही फोडली गेली. तसली टिंगल इथे हॅरोत, जिथे माझ्या दोन्ही अंगांना गुजराती घरं आहेत, आठ वर्षांच्या पोरांच्या तोंडी देऊ नका. आपल्याला कुणी "परत जा" म्हटलं की किती लागतं! मग आपण तेच विंगेत ढकलण्याचं दृश्य रंगवून कसं दाखवतो?

फार बोलले, क्षमा करा. ज्यांनी सुट्टीचे शनिवार घालवून मुलांकडून मराठी संवाद पाठ करून घेतले, त्यांना शिकवायचा मला अधिकार नाही. मी त्या तालमींना एकदाही आले नाही, कार्यक्रमाला आयती येऊन बसले. ज्यांच्या घरचं माणूस फ्लोरा फाउंटनच्या गोळीबारात गेलं त्यांना माझं लिहिणं टोचलं असेल, तर त्यांची दुप्पट क्षमा मागते.

पण पुढच्या १ मेला हेच नाटुकलं पुन्हा बसवणार असाल तर पोवाडा तसाच ठेवा, चौपाटीची सभा ठेवा, गोळीबार ठेवा. शेठ काढा आणि त्या जागी चाळीतलं एक बंद दार दाखवा. मोटीबेनचं काम करायला लेकीची मैत्रीण तयार आहे, मी तिला सगळी हकीकत सांगून विचारलं. आजीचं काम मी करीन. तालमींना येईन, पहिल्या शनिवारपासून.