‘झिरो कमिशन’ची किंमत किती?

‘आमच्याकडे कमिशन शून्य आहे,’ हे वाक्य हल्ली फॉरेक्सच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं. मुलगा किंवा मुलगी जर्मनीला एमएस करायला निघालेली असते, ब्लॉक अकाउंटचे पैसे भरायचे असतात, व्हिसाची तारीख जवळ आलेली असते. शून्य म्हटल्यावर आई-वडिलांना हायसं वाटतं आणि सही होऊन जाते. पण बँक काय किंवा फॉरेक्स कंपनी काय, ती धर्मादाय संस्था नाही. कमिशनचा रकाना रिकामा असेल तर कमाई दुसऱ्या रकान्यात असणार. तो रकाना म्हणजे विनिमय दर. पावतीवर तो फी म्हणून दिसत नाही, म्हणूनच आपण त्याच्याशी भांडत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘ग्रीससारखा जर्मनीचा गुंतवणूक व्हिसा मिळतो का हो?’ असं भारतातले ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात. नाही मिळत. जर्मनीत नुसतं घर घेऊन किंवा बँकेत पैसे ठेवून राहण्याचा परवाना मिळत नाही. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी निवास कायद्याचं कलम २१ आहे. त्यातला अडीच लाख युरो गुंतवणुकीचा निकष २०१२ मध्ये काढून टाकला. आता धंद्याची योजना, तिची गरज आणि भांडवलाची सोय पाहिली जाते. त्यामुळे मराठी घरातून जर्मनीकडे जाणारी पहिली मोठी रक्कम बहुधा गुंतवणुकीची नसतेच. ती असते विद्यार्थ्याच्या ‘श्पेरकोंटो’ची, म्हणजे ब्लॉक अकाउंटची.

ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो आहे. त्यातले महिन्याला ९९२ युरो विद्यार्थ्याला काढता येतात. हिशेब सोपा व्हावा म्हणून धरून चालू की बाजारातला खरा दर १०० रुपये आहे. ‘शून्य कमिशन’वाला १०२ रुपयांचा दर देतो. म्हणजे खात्यातून १२,१४,२०८ रुपये जातात. शेजारची दुसरी बँक १,००० रुपये कमिशन सांगते, पण दर देते १०० रुपये ५० पैसे. तिथे एकूण ११,९७,३५२ रुपये लागतात. कमिशन घेणारी बँक जवळपास १७ हजारांनी स्वस्त पडली! घर किंवा जमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या कुटुंबाला १७ हजार ही काही किरकोळ रक्कम नाही. शिवाय त्यावर पुढची कित्येक वर्षं व्याजही भरायचं असतं.

चलन बदलताना १८ टक्के जीएसटीही लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसून सरकारने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर असतो. बारा लाखांच्या आसपास तो साधारण हजार रुपये होतो आणि सगळीकडे सारखाच असतो. ‘दर जास्त आहे कारण त्यात टॅक्स आहे’ असं कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका. वर्षाला १० लाखांच्या पुढे गेल्यावर कापला जाणारा टीसीएस ही वेगळी गोष्ट. ती फी नव्हे, रिटर्न भरल्यावर तिचं क्रेडिट मिळतं. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर एप्रिल २०२५ पासून तो लागतच नाही.

दुसरी मेख आहे स्विफ्टमध्ये. मी सॉफ्टवेअरमधला माणूस, म्हणून ही रचना मला थोडी गमतीची वाटते. पुण्याच्या बँकेचं जर्मन बँकेत थेट खातं नसेल तर निरोप आणि पैसे एक-दोन मधल्या बँकांमधून जातात. फॉर्मवर ‘शेअर्ड’ या अर्थाचा एसएचए पर्याय निवडला असेल तर मधली बँक आपली फी त्या रकमेतूनच कापून घेऊ शकते. मग ब्लॉक अकाउंटवर ११,९०४ च्या जागी वीस-पंचवीस युरो कमी पोचतात, रक्कम अपुरी म्हणून कन्फर्मेशन अडकतं आणि पुन्हा पैसे पाठवण्याची फी वेगळी. म्हणून अशा वेळी ओयूआर हा पर्याय घ्यावा. त्यात सगळा खर्च पाठवणारा आधीच भरतो. जोडीला थोडी जास्त रक्कम पाठवलेली बरी.

जर्मनीत पोचल्यावर खेळ बदलतो, पण संपत नाही. ‘फुकट’ चालू खातं बऱ्याचदा दरमहा ठराविक रक्कम जमा होईपर्यंतच फुकट असतं. विद्यार्थीदशा संपली, नोकरी मिळायला दोन महिने लागले, की शुल्क सुरू. खातं उणे गेलं तर ‘डिस्पो’चं व्याज लागतं, आणि ते अनेक बँकांत १० टक्क्यांच्या वर आहे. इथे कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक बँकेने ग्राहकाला वर्षातून एकदा ‘एंटगेल्टआउफश्टेलुंग’, म्हणजे वर्षभरात घेतलेल्या शुल्काचा तक्ता फुकट द्यायचा असतो. आपली बहुतेक मंडळी जर्मन भाषेला घाबरून तो उघडतही नाहीत. उघडा. त्यात आकडेच असतात, आणि आकड्यांना भाषा लागत नाही.

एप्रिल २०२१ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पोस्टबँकेविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला की ग्राहक गप्प राहिला म्हणजे त्याने नवीन शुल्क मान्य केलं, असं धरता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की असं घेतलेलं शुल्क वर्षानुवर्षं मुकाट्याने भरलं म्हणून परत मागण्याचा हक्क जात नाही. मागणीला मुदतीची मर्यादा असते, पण आधी मागावं तर लागेल. ‘फेरब्राउखरत्सेंट्राले’ या ग्राहक केंद्राच्या वेबसाइटवर त्यासाठी पत्राचे नमुने मिळतात.

आई-वडील भेटीला आले की आणखी एक सापळा येतो. भारतीय कार्ड टाकल्यावर मशीन विचारतं, ‘रुपयांत की युरोत?’ रुपये ओळखीचे वाटतात, पण रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो. युरोच निवडायचं. सुट्टीत जर्मन कार्ड घेऊन महाराष्ट्रातल्या एटीएमसमोर उभे राहिलात तर उलट, रुपये.

आणि सर्वात महागडी छुपी फी बँकेत नसून पेन्शनच्या करारात असते. इथे नोकरी लागली की लिंक्डइनवर ‘एक्सपॅट’ लोकांच्या सल्लागारांचे मेसेज येऊ लागतात. सल्ला फुकट, कॉफीही फुकट. समजा दरमहा २०० युरो, ३५ वर्षं असा करार झाला. एकूण हप्ते ८४,००० युरो. करार करण्याचा खर्च समजा अडीच टक्के, म्हणजे २,१०० युरो. तो साधारण पहिल्या पाच वर्षांत वळता केला जातो, म्हणजे प्रत्येक हप्त्यातले ३५ युरो. चार वर्षांनी परत गेलेल्या माणसाच्या हाती काय उरेल, हे गणित कॉफीच्या टेबलावर कोणी करून दाखवत नाही. अशा कागदपत्रात ‘एफेक्टिफकोस्टन’ हा आकडा शोधा, तो छापणं २०१५ पासून बंधनकारक आहे. सही झालीच असेल तर आयुर्विमा आणि पेन्शन विम्याच्या करारातून बाहेर पडायला ३० दिवस असतात.

कोणी म्हणेल, बँकांनी पैसे कमवूच नयेत का? जरूर कमवावेत. सेवा दिली तर फी घ्यावी, पण फी म्हणून घ्यावी. युरोपात २०२० पासून कार्डवर युरोपीय चलन बदलताना युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त लावले, हे सांगावं लागतं. रुपयाला हे संरक्षण नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत स्थलांतरितांच्या पैसे पाठवण्याचा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरवलं आहे. पण खर्च दिसतच नसेल तर तो कमी झाला की नाही हे मोजणार कसं? भारतातही दररोज एफबीआयएल युरोचा संदर्भ दर जाहीर करते. त्या दरापासून आपला दर किती दूर आहे हे प्रत्येक पावतीवर छापायला लावणं रिझर्व्ह बँकेला अवघड नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. भाषेचे वर्ग हवेतच, पण जाणाऱ्या मुलांना पावती वाचायलाही शिकवा. आणि इथल्या महाराष्ट्र मंडळांनी गणपती-दिवाळीच्या जोडीला ऑक्टोबर आणि एप्रिलच्या प्रवेशांआधी, कोणत्या बँकेने त्या आठवड्यात एकूण किती रुपये घेतले, याचा एक साधा तक्ता एकमेकांत फिरवला तरी बरीच घरं वाचतील.

तोपर्यंत काउंटरवरच्या माणसाला कमिशन किती, हे विचारू नका. एकच प्रश्न विचारा, आणि तोच प्रश्न त्याच तासात निदान तीन ठिकाणी विचारा: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जाणार, आणि तिकडे नक्की किती युरो पोचणार? उत्तर लेखी घ्या. जो लेखी देणार नाही, त्याचं कमिशन शून्य नाही एवढं समजून पुढच्या दारात जा.