युरोपची बातमी, वाशीमचा भाव

आमची माजी विद्यार्थिनी पत्रकारितेची पदवी घेऊन अब्बूंसह भेटायला आली. तिला युरोपविषयक पत्रकारिता शिकायची आहे. अब्बू म्हणाले, "तिकडच्या बातम्यांचं वाशीमला काय?"

आम्ही म्हटलं, "भाईजान, आपल्या देशातली सोयापेंड जर्मनी-फ्रान्सला जाते. तिथले नियम बदलले, तर इथल्या भावावर परिणाम होऊ शकतो. हे मराठी-उर्दूत समजावणारं कुणी हवं ना?"

इरास्मस मुंडस पत्रकारिता अभ्यासक्रम दोन वर्षांचा, इंग्रजीतून. पहिलं वर्ष डेन्मार्कमध्ये, दुसरं भागीदार विद्यापीठात. शिष्यवृत्तीसाठी निवड झाली, तर दरमहा १,४०० युरो.

"एकटी राहील?" अब्बूंनी विचारलं.

"नागपूरला तीन वर्षं राहिलेच ना!" ती म्हणाली. अब्बू हसले.

पालकहो, परदेशाचा पहिला व्हिसा घरातच मिळतो.