सीट कोणाच्या मापाची?

सोयाबीन विकून हाती चार पैसे आले की गाडी सजवायची हौस येते, आणि सजावटीची सुरुवात बहुधा सीटपासून होते. सीटवाल्याला मोबाइलवर फोटो दाखवला जातो. पुढे खोलगट, मागे उंच उचललेली, शेपटाकडे निमुळती होत गेलेली सीट. कुणाला बुलेटवर चौकडीच्या शिलाईची तपकिरी गादी हवी असते. जुना फोम कोरला जातो, चकचकीत रेक्झिन ताणून बसवलं जातं आणि गाडी नव्यासारखी होऊन बाहेर पडते. छान दिसते, यात वाद नाही. पण या व्यवहारात एक माणूस बहुतेक वेळा दुकानात हजर नसतं, ते म्हणजे मागे बसणारं.

वाशीम जिल्ह्यात मोटरसायकल आधी घराचं वाहन आहे, हौसेची वस्तू नंतर. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. त्यामुळे मानोऱ्याकडून पोहरादेवीला जायचं असो की आईला घेऊन अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात, नेहमीच्याच रस्त्यानं, खड्डे आणि गतिरोधक मोजत जायचं. वाशीम ते अकोला सुमारे ८० किलोमीटर, म्हणजे जवळपास दोन तासांची बैठक.

या दोन तासांत शरीराचं काय होतं? बसल्यावर वरच्या धडाचं बहुतेक वजन कुल्ल्यांमधल्या दोन हाडांच्या टोकांवर येतं. चांगली सीट हे वजन आजूबाजूच्या मांसल भागावर पसरवते. इथेच ‘मऊ म्हणजे आरामदायक’ हा समज फसवा ठरतो. अगदी मऊ फोम दुकानात दोन मिनिटं बसून पाहिलं तर सुखाचा वाटतो, पण रस्त्यावर तो पूर्ण दबतो आणि हाडं थेट खालच्या कडक तळावर टेकतात. दुसरी अडचण धक्क्यांची. बसलेल्या माणसाचं धड आणि कणा सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वात जास्त साथ देतात, म्हणजे तो हादरा अंगात वाढतो. खराब रस्ता असले हादरे भरपूर देतो आणि फार मऊ गादी त्यातले काही कमी करण्याऐवजी वाढवते. गाडी बुटकी दिसावी म्हणून फोम कोरला, तर झेलायला फोमच उरत नाही. कंबरदुखीच्या रुग्णाला गादी, उशी, खाट सगळं विचारलं जातं. रोज ज्यावर तो ४० किलोमीटर हिंडतो, त्या सीटबद्दल क्वचितच.

आता मागे बसणाऱ्या बाईकडे या. साडी नेसून ती एका बाजूला पाय सोडून बसते, म्हणजे ती सीटवर आडवी बसते. सीटची रुंदी हीच तिच्यासाठी बैठकीची खोली. शेपटाकडे सीट वीतभर रुंद उरली असेल, तर तिला बाकाच्या कडेवर टेकल्यासारखं, कंबर पिळून, तोल सांभाळत बसावं लागतं. ब्रेक लागला की प्रत्येकाचं अंग पुढे झुकतं. दोन्हीकडे पाय टाकून बसलेला माणूस पायांनी आणि मांड्यांनी स्वतःला रोखतो. तिच्यासाठी मात्र गाडीची ‘पुढची’ दिशा म्हणजे तिची कूस, आणि त्या बाजूला रोखायला काही नाही. वर उंच, उतरती, गुळगुळीत रेक्झिनची सीट आणि सिंथेटिक साडी. खड्ड्यात आदळून पडणाऱ्या या बायकांच्या डोक्यावर हेल्मेटही नसतं. फॅशनची किंमत भरणारी व्यक्ती आणि फॅशन करणारी व्यक्ती इथे वेगळ्या आहेत, माझा आक्षेप आहे तो यालाच. स्वतःची कंबर मोडून घ्यायची असेल तर तो ज्याचा त्याचा प्रश्न.

कायद्यानं या माणसाचा विचार केलेला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ नुसार मागे एकच जण बसावा आणि तोही चालकामागे घट्ट बसवलेल्या योग्य सीटवर. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये मागच्याला धरायला पक्की मूठ, पाय ठेवायला पायदान आणि चाकात कपडा अडकू नये म्हणून निम्मं तरी चाक झाकणारं आवरण सांगितलं आहे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. गाडी ‘स्पोर्टी’ करताना सर्वात आधी हेच दोन भाग काढले जातात, हँडल आणि साडीगार्ड! पदर किंवा ओढणी चाकात गेल्यावर काय होतं, ते गावोगावी माहीत आहे.

मग हौस करूच नये का? करावी. रंग, शिलाई, पट्टे काहीही घ्या, त्यानं मणक्याला काही होत नाही. आकार आणि फोम मात्र मनानं बदलू नका. मागची बैठक सपाट आणि रुंद राहू द्या. फोम घट्ट घ्या. अंगठ्यानं जोर देऊन दाबल्यावर खालचा तळ हाताला लागत असेल तर तो नको. रेक्झिन खरबरीत पोताचं घ्या. काळं टाळता आलं तर बरं, कारण मे महिन्यातल्या वऱ्हाडी उन्हात काळी सीट चटका देते. रेक्झिनमधून हवा खेळत नाही, घाम मुरत नाही. जांघेतल्या नायट्यानं हैराण झालेल्यांनी औषधासोबत सीटवर सुती कव्हरही टाकून पाहावं. मूळव्याधीचं खापर मात्र सीटवर फोडू नका, त्यामागे बहुतेकदा बद्धकोष्ठ आणि शौचाला जोर करणं असतं.

गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत खराब रस्त्यावर दुचाकीनं नेऊच नये, सीट कशीही असो. वयस्कर आई-वडिलांसाठी सीटची उंची महत्त्वाची: पाय वर टाकताना त्यांना कुणाचा तरी खांदा धरावा लागत असेल, तर मागचा भाग आणखी उचलणं म्हणजे त्यांना घरी बसवणं.

सीट बनवायला टाकताना घरच्या मंडळींना सोबत न्या. शिलाई पक्की होण्याआधी ज्या मागे बसणार आहेत त्यांना नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या पद्धतीनं बसवा आणि एक फेरी मारून या, गतिरोधकावरून. कंपनीची मूळ सीट भंगारात देऊ नका. शक्य असेल तर नवी सीट वेगळ्या तळावर बनवून घ्या, म्हणजे जुनी माळ्यावर राहील आणि लांबच्या प्रवासाला निघताना पुन्हा बसवता येईल.